स्वभावाची विचारपूस

'विचारपूस' या शब्दाचे दोन्ही भाग एकाच अर्थाचे आहेत. मराठीला असे जोड आवडतात. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट यांत एक बाजू फारसी-अरबीची आणि दुसरी संस्कृत-प्राकृताची. विचारपूस मात्र दोन्ही बाजूंनी देशी आहे, तरी तिच्यात एक थर जुना आणि एक नवा दिसतो. 'पुसणे' हा थोरला. संस्कृत 'पृच्छति', प्राकृत 'पुच्छइ', आणि त्यातल्या 'च्छ'चा मराठीत 'स' होऊन 'पुसणे'. 'मच्छ'चा 'मासा' झाला त्याच वाटेने. हिंदी 'च्छ'शी थांबली, म्हणून तिच्याकडे 'पूछना' आणि 'मछली'. मराठीच्या या 'स'मुळे एक घोटाळाही झाला. फळा 'पुसणे' हा 'प्रोञ्छ्' धातूकडून आलेला निराळा शब्द पहिल्याशी उच्चाराने एकरूप झाला. हिंदीत 'पूछना' आणि 'पोंछना' अजून वेगळे आहेत. एका आवाजात दोन अर्थांची गर्दी झाली की भाषा त्यांतल्या एकासाठी दुसरी सोय पाहते. प्रमाण मराठीने प्रश्नार्थी 'पुसणे' मागे सारून 'विचारणे' पुढे आणले, त्याचे हेही एक कारण असावे.

'विचार' म्हणजे 'वि' आणि 'चर्', मनाने एखाद्या गोष्टीभोवती फिरणे. हे आतल्या आत चाललेले फिरणे दुसऱ्याच्या दारापर्यंत गेले आणि 'विचारणे' म्हणजे प्रश्न करणे झाले. हिंदीत 'विचारना' चिंतनापाशीच राहिले. कन्नडात मात्र 'विचारिसु' म्हणजे चौकशी करणे, तमिळात 'विसारि' म्हणजेही तेच. या अर्थाबाबत मराठीचा ओढा दक्षिणेकडे दिसतो.

वऱ्हाडाने 'पुसणे' सोडले नाही. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या डोणगावला 'त्याले पूस', 'मले काऊन पुसतं?' ही रोजची वाक्ये. गंमत अशी की याच धातूचा फारसी भाऊ 'पुर्सीदन', त्याचे नाम 'पुर्सिश', आपल्या कोर्टांत 'पुरसिस' होऊन बसला आहे. डोणगावची आजी नातवाला पुसते आणि कोर्टात वकील पुरसिस दाखल करतो, तेव्हा दोघे नकळत एकाच धातूचा व्यवहार करत असतात. 'प्रश्न' आणि 'पृच्छा' त्याच घरचे. जर्मन 'फ्रागेन' आणि लॅटिन 'प्रेकारी' हे दूरचे चुलत. लॅटिनने तर विचारण्याची विनवणी आणि विनवणीची प्रार्थना केली.

हे सगळे डोक्यात आले ते स्वभावमापनाच्या प्रश्नावल्यांमुळे. परदेशात रचलेली प्रश्नावली मराठीत आणायची तर काय काय करावे लागते, हा मानसशास्त्राचा प्रश्न खरा, पण तो जवळजवळ संपूर्णपणे शब्दांच्या पूर्वायुष्याचाही प्रश्न आहे. मराठीत हे काम जुने आहे. धारवाडच्या वि. वि. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवून १९४० साली त्यावर पुस्तक लिहिले. स्वभावाच्या बाजूने पाहिले तर मॅक्रे आणि कोस्टा यांची १९९२ची नीओ प्रश्नावली, म्हणजे २४० विधाने, पाच मोठे गुणविशेष आणि प्रत्येकाच्या सहा उपशाखा, पुण्यात लोधी, देव आणि बेल्हेकर यांनी मराठीत आणली. त्यांचा लेख २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक संस्कृतींतल्या अशा प्रयत्नांच्या संग्रहात आहे. पाचांची ती मांडणी मराठीतही बऱ्याच अंशी टिकली असे दिसते.

या पाचांचे मूळही कोशातच आहे. माणसांच्या स्वभावातले महत्त्वाचे फरक भाषेने शब्दांत साठवलेले असणार, म्हणून आधी कोश चाळावा, ही कल्पना गॅल्टन यांनी १८८४ साली मांडली. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी कोशातून असे १७,९५३ शब्द वेचले. पुढच्या पिढ्यांनी ते गाळत, चाळत पाच ढिगांवर आणले. म्हणजे ज्याला आपण मानसशास्त्राचे उपकरण म्हणतो ते मुळात एका भाषेच्या शब्दकोशाचा अर्क आहे. तो दुसऱ्या भाषेत ओतताना त्या भाषेचा कोश गप्प बसेल, असे मानणे मला पटत नाही. हिंदीच्या कोशापासून असेच आरंभ करून सिंह, मिश्र आणि डी राड यांनी २०१३ साली अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना ढिगांना नावे द्यावीशी वाटली ती राजसिक, सात्त्विक आणि तामसिक अशी.

मग आपला कोश काय म्हणतो? मथळ्यालाच 'व्यक्तिमत्त्व' बसलेले असते, दोन 'त' सांभाळत, कारण 'मत्'चा एक आणि 'त्व'चा दुसरा. 'व्यक्ती' हा शब्द आरंभी माणसाचा नव्हताच. 'वि' आणि 'अञ्ज्'. 'अञ्ज्' म्हणजे माखणे, उजळणे, 'अंजन' त्यातलेच. व्यक्ती म्हणजे उघड होणे. माणूस हा अर्थ त्यावर मागाहून चढला आणि लिंग जुनेच राहिले, म्हणून पुरुषालाही आपण 'ती व्यक्ती' म्हणतो. लॅटिन 'पेर्सोना' म्हणजे नटाचा मुखवटा. त्यामागे एट्रुस्कन 'फेर्सु' असावा असे मानतात. तिकडच्या शब्दाच्या मुळाशी चेहरा झाकणे आहे, इकडच्या शब्दाच्या मुळाशी झाकलेले दिसू लागणे.

पण आपल्या चुलत्याच्या व्यक्तिमत्त्वाबद्दल डोणगावात कोणी बोलत नाही. तिथे 'सभाव' असतो, आणि सभावाला औषध नसते. शेजारी 'प्रकृती' आहे, पण ती तब्येतीकडे निघून गेली. 'प्रकृती कशी आहे?' याचे उत्तर 'गुडघे दुखतात' असे येते. उर्दूत 'मिजाज कैसे हैं' याचीही हीच गत, स्वभावावरून तब्येतीवर. 'मिजाज' अरबी, मिसळणे या अर्थाच्या धातूचा. यूनानी वैद्यांचे चार रस शरीरात ज्या प्रमाणात मिसळले ते ग्रीकांचे 'क्रासिस', अरबांचे 'मिजाज'. लॅटिन 'टेम्परामेंटुम'मध्येही हीच मिसळण. तीन भाषांनी एकच कल्पना आपापल्या धातूने सांगितली. मराठीत आल्यावर मात्र या शब्दाचा शेवटचा 'ज' 'स' झाला आणि सगळ्या स्वभावांतून एकच स्वभाव त्याच्या वाट्याला उरला, ताठ्याचा. मिजासखोर माणसाला मिजास आहे, बाकीच्यांना नाही. दरबारात ज्यांच्या मिजाजाची चौकशी होत असे त्यांचा ताठाच रयतेला दिसत असावा. 'तऱ्हा' आणि 'तऱ्हेवाईक' यांतही असाच उतार आहे.

'खोड' हे त्याहून कठीण कोडे. ते खोड झाडाचे, ती खोड माणसाची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही यात दुसरी. संस्कृत 'खोड' म्हणजे लंगडा, आणि व्यंगवाचक शब्दांचे एक कुळच 'खोट', 'खोड' असे पसरलेले दिसते. स्वभावातली खोड तिकडची असावी, बुंध्याशी तिचे नाते नसावे. पण बुंधा जसा हलत नाही तशी खोडही हलत नाही, ही जवळीक बोलणाऱ्यांना जाणवली असल्यास नवल नाही.

खरी अडचण मथळ्यात नसते, विधानांत असते. चिंताग्रस्ततेचे माप घ्यायचे आहे. इंग्रजी विधानात 'वरी' आहे. मराठीत सहज हाताशी येतो तो 'काळजी'. काळजीचा संबंध 'काळीज'शी असावा, आणि काळीज संस्कृत 'कालेयक' म्हणजे यकृताकडे जाते. आता 'मी फार काळजी करते' हे विधान एखाद्या सासुरवाशिणीपुढे, आईपुढे, मोठ्या जावेपुढे ठेवून पाहा. तिला ते दुखणे वाटत नाही. ते तिचे कर्तव्य आहे, थोडासा अभिमानही. काळजी 'करणे' आणि काळजी 'घेणे' हे फक्त क्रियापदाने वेगळे होतात, नाम एकच आहे, आणि नामाची माया दोन्हीकडे पाझरते. त्यामुळे अस्वस्थतेच्या मापात जिव्हाळा मिसळतो.

दुसरे शब्द घेऊन पाहावे तर 'चिंता' हा 'चिन्त्' म्हणजे विचार करणे याचा, 'फिकीर' हा अरबी 'फिक्र' म्हणजेही विचार. 'फार विचार करू नकोस' यातला 'विचार'ही त्याच रस्त्याने निघाला आहे. संस्कृत, अरबी आणि मराठी तिघींचे विचार शेवटी चिंतेत उतरले, हे पाहून मला दर वेळी थबकायला होते. उरतो 'घोर'. 'जिवाले घोर लागला' यात कर्तव्य नाही, अभिमान नाही, फक्त जिवाची तगमग आहे. मापाला हवा असलेला शब्द बहुधा हाच. पण भाषांतरकाराला तो ग्रामीण वाटतो आणि तो 'चिंताग्रस्त' लिहितो.

भाषांतर तपासायची रूढ पद्धत ब्रिसलिन यांनी १९७० साली नीट मांडली. एकाने इंग्रजीतून मराठी करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने मराठीतून पुन्हा इंग्रजी, आणि दोन इंग्रज्या ताडून पाहायच्या. पद्धत उपयोगी आहे, पण 'काळजी'पुढे ती आंधळी ठरते. 'काळजी' परत जाताना 'वरी' होऊनच जाते. ताडणी बिनचूक जमते, आणि मधल्या मुक्कामी शब्दाला चिकटलेली माया कोणालाच दिसत नाही.

'उदास'चे असेच. 'उद्' आणि 'आस्', बाजूला, वर बसणे. संस्कृतात 'उदासीन' म्हणजे पक्ष न घेणारा, आणि ती स्तुती. संतांच्या मराठीत उदास म्हणजे अलिप्त, मिळवण्यासारखी अवस्था. आजच्या मराठीत उदास म्हणजे खिन्न. शहरातल्या विद्यार्थ्याला यात अडखळायला काही नाही. पण ज्याच्या घरी पोथी वाचली जाते, अशा वयस्क वारकऱ्याला किंवा महानुभावाला 'तुम्हाला उदास वाटते का' असे विचारले तर त्याच्या मनात कोणते शतक जागे होईल हे सांगता येत नाही.

इथे वऱ्हाडीकडे एक रत्न आहे. 'मले गमत नाही.' प्रमाण मराठीत 'करमत नाही'. 'गमणे' हे 'गम्'चे, जाणे. जुन्या काव्यभाषेत 'गमते' म्हणजे वाटते, भासते; गुजरातीत 'गमवुं' म्हणजे आवडणे; वऱ्हाडात गमणे म्हणजे जीव रमणे, वेळ सुखाने जाणे. आणि 'करमणे'? ते 'क्रम्'पासून, 'कालक्रमणा'तल्या क्रमणाचे रूप असावे. तसे असेल तर गम् आणि क्रम् हे चालण्याचे दोन धातू दोन प्रदेशांत स्वतंत्रपणे एकाच जागी पोचले: काळ पुढे सरकत नाही ही मनाची अवस्था. सासरी आलेल्या मुलीला, शिक्षणासाठी संभाजीनगरला गेलेल्या मुलाला गमत नाही. यात खिन्नता आहे, एकटेपणा आहे, कंटाळा आहे, आणि स्वतःला आजारी म्हणवून घेण्याचा कलंक नाही. परकी प्रश्नावली एकटेपणा, उदासी आणि कंटाळा असे तीन खण पाडते. वऱ्हाडी माणूस तिन्ही खणांवर एका शब्दाने उत्तर देईल, आणि ते खोटे नसेल. उलट मानसशास्त्राच्या मराठीत 'मज्जाविकृती' असा शब्द आहे. मज्जा म्हणजे हाडांतला गर. तिचे मज्जातंतू झाले, मग त्यांची विकृती. बोलीत 'मज्जा' म्हटले की फारसी 'मझा' आठवतो. असा शब्द प्रश्नावलीच्या जवळपासही येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण या सगळ्या शब्दांपेक्षा मोठा शब्द प्रश्नावलीत छापलेला नसतो. तो ओसरीवर बसलेला असतो. डोणगावला मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी शेजारच्या आजींना विधाने वाचून दाखवत होती. विधान असे होते की अनोळखी माणसांशी बोलायला मला संकोच वाटतो. आजी गावभर बोलणाऱ्या. त्यांनी क्षणभर मुलीच्या हातातल्या कागदाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तू मायी नातीसारखी. तुले नाही कशी म्हनू माय? लिही, हो म्हनून."

ही भीड. मानसशास्त्राला खोट्या होकारांची ओळख आहे. क्राउन आणि मार्लो यांनी १९६० साली ३३ विधानांची एक मापपट्टीच केली, माणूस स्वतःला किती चांगला दाखवू पाहतो ते ओळखण्यासाठी. आजींना स्वतःला चांगले दाखवायचे नव्हते. त्यांना मुलीला रिकाम्या हाती पाठवायचे नव्हते. ही दोन निराळी कारणे आहेत, आणि दुसऱ्याला नाव आहे ते मराठीत. हिंदीत 'भीड़' म्हणजे गर्दी. गुजरातीत गर्दी, शिवाय तंगी, अडचण. मराठीत भीड म्हणजे नाही म्हणता न येणे. कन्नडात 'भिडे' म्हणजे संकोच, आणि तेलुगूतला 'बिडियमु', लाज, हाही याच गोतावळ्यातला असावा. मुळाशी 'भिडणे' दिसते, अंगाला अंग लागणे. माणसे दाटली की गर्दी होते, अडचणी दाटल्या की तंगी, आणि नाती दाटली की भीड. उत्तरेकडून दक्षिणेकडे येता येता शब्द शरीरातून मनात उतरला आहे. 'निर्भीड'ही इथे नीट पाहावा. तो 'निर्भय'चा सख्खा भाऊ समजला जातो, पण निर्भीड माणसाने टाकलेली असते ती भीड. भय त्याला असूही शकते. भीड भिकेची बहीण म्हणणाऱ्या लोकांना तिची किंमत ठाऊक होती, तरी त्यांनी ती सोडली नाही.

उत्तरांच्या रकान्यांकडेही पाहू. 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' या पाच पायऱ्या लिकर्ट यांच्या १९३२च्या पद्धतीच्या. डोणगावात 'सहमत' कोणी होत नाही. तिथे गोष्ट पटते किंवा पटत नाही. मधल्या रकान्यातला 'तटस्थ' म्हणजे काठावर उभा. जुन्या मराठीत तटस्थ म्हणजे थक्क, स्तब्ध झालेलाही. गुणांची बाब तर आणखी नाजूक. 'गुण' म्हणजे दोरीचा पदर, सांख्यांनी तो प्रकृतीच्या तीन पदरांना लावला. मराठीत तो सद्गुण झाला, औषधाचा आला, पत्रिकेत छत्तीस झाला आणि परीक्षेत मिळू लागला. 'अस्वस्थतेत तुम्हाला जास्त गुण आहेत' असे मराठी माणसाला सांगितले की त्याला पास झाल्यासारखे वाटणार. तिथे 'अंक' म्हणावे.

आणि क्रियापद. 'मी' म्हटले की प्रमाण मराठीला 'करतो' की 'करते' ते सांगावेच लागते, म्हणून छापील विधाने तिरक्या रेघेने दुभंगतात. वऱ्हाडात कित्येक बायका 'मी करतो', 'मी जातो' असेच म्हणतात. पुण्यात छापलेली 'करते' त्यांच्या तोंडी दिली की विधान त्यांचे राहत नाही, मास्तरीणबाईंचे होते.

म्हणून या कामाला 'भाषांतर' म्हणणे मला अपुरे वाटते. 'अनुवाद' म्हणजे मागून म्हणणे. 'तर्जुमा' अरबी 'तरजमा'चा, अरामी 'तर्गूम'चा, आणि त्याही आधी अक्कदी 'तर्गुमन्नु' म्हणजे दुभाषा, असा हजारो वर्षांचा शब्द. पण तोही मजकूर इकडून तिकडे नेण्यापुरताच. आपल्याकडे शिंप्याचा 'बेतणे' आहे. अंगाचे माप घेऊन कापड कातरण्याआधी आखणे म्हणजे बेतणे. हिंदी 'ब्योंत' त्याचा सोयरा दिसतो, आणि आपला 'बेत'ही. बेतलेल्या कपड्यात कापड परक्या गिरणीचे चालते, माप मात्र घालणाऱ्याचेच लागते. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती २०१७ साली आली. ती वेगळ्या शब्दांत हेच मागते, भाषेबरोबर संस्कृतीची तपासणी आणि मोठ्या पाहणीआधी थोड्या माणसांवर चाचपणी. संस्कृतप्रचुर मराठीतली प्रश्नावली डोणगावात स्वभावाइतकेच शालेय शिक्षण मोजते. बारावी झालेली सून 'स्थिर मनाची' निघते आणि शाळा न पाहिलेली सासू 'तटस्थ', हा निष्कर्ष स्वभावाचा नव्हे.

या गावाच्या नावाबद्दलही सांगायला हवे. 'डोण' म्हणजे गुरांना पाणी पाजायची दगडी किंवा लाकडी कुंडी, संस्कृत 'द्रोण', 'द्रोणी' यांची लेक. पळसाच्या पानांचा द्रोण, कोकणीतली 'दोणी' म्हणजे होडी, ही तिची भावंडे. महाराष्ट्रात डोणगावे एकाहून अधिक आहेत; कुठे डोणीवरून, कुठे खोलगट जागेवरून नाव पडले असावे. कौटिल्याच्या काळी द्रोण हे धान्याचे मापही होते.

मेहकर, लोणार, रिसोड, मालेगाव या पट्ट्यातल्या वाचकांकडे माझे एक मागणे आहे. माणसांच्या स्वभावाबद्दल घरात बोलले जाणारे शब्द लिहून ठेवा: घुमा, भिडस्त, माणूसघाणा, मोकळा, आणि असे जे माझ्या कानावर कधी पडलेच नसतील. शब्दाबरोबर तो कोण कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतो तेही लिहा, आणि तुमच्या गावात 'गमत नाही' कुठे संपते आणि 'करमत नाही' कुठे सुरू होते, तेही. कोणी कधी मराठीच्या कोशापासून स्वभावाची प्रश्नावली बेतायला बसला, तर त्याला आधी ही यादी लागेल.